साहेबांची जीभ आणि आमच्या घरातली मतं

आमच्या साहेबांकडं सगळं होतं. ऊस होता, गाड्या होत्या, वजनदार आडनाव होतं आणि निवडून यायची सवय होती. फक्त जीभ आणि डोकं यांच्यात म्हणावं तसं दळणवळण नव्हतं. मतदारसंघ कुठला ते मी सांगत नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणालाही तो आपलाच वाटेल, आणि त्यात कुणाची फार चूक होईल असंही नाही.

माझा या सगळ्याशी संबंध आला तो आवाजामुळं. माहेर सांगलीचं. शाळेत असताना वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली. लग्न होऊन इकडं आले, मुलांच्या शिकवण्या घ्यायला लागले आणि हळूहळू गावात कुणाचा सत्कार असो की कुणाची सेवानिवृत्ती, सूत्रसंचालनाला मीच असं ठरून गेलं. नवऱ्याचं बाजारपेठेत खताचं दुकान. पण दुकान आपलं नावाला. खरा व्यवसाय साहेबांचा कार्यकर्ता असणं. साहेबांना शिंक आली की आमच्या घरात रुमालाची शोधाशोध व्हायची.

नवरात्र आलं तेव्हा निवडणूक तोंडावर होती. साहजिकच साहेबांना स्त्रीशक्तीची आठवण झाली. मंगल कार्यालयात महिला मेळावा ठरला. पैठणीचे खेळ, उखाणे, सगळ्यांना जेवण आणि मध्ये साहेबांचे चार शब्द. चारच बोलले असते तर पुढचं काही घडलंच नसतं.

त्या दिवशी सभागृह बायकांनी गच्च भरलं होतं. उखाणे रंगले. साहेब खुशीत आले, आणि हीच धोक्याची वेळ असते हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्यांच्या हातात माईक दिला आणि बाजूला उभी राहिले. आयाबहिणींना नमस्कार, आदिशक्तीला वंदन, सगळं पाठ केल्यासारखं झालं. मग ते म्हणाले, "मत कुणाला द्यायचं, हे मी तुम्हाला सांगत बसत न्हाई. तुमच्या मालकांशी माझं बोलणं झालंय. बाईचं मत म्हणजे उसाची ट्रॉली. ट्रॅक्टर वळंल तिकडं ती वळणार!"

बायका हसल्या. हसल्या, कारण पैठणीची सोडत अजून व्हायची होती. मीही हसले. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईचं हसू साडीच्या पिनेसारखं असतं, कार्यक्रम संपेपर्यंत ते काढून ठेवता येत नाही.

संध्याकाळी सांगलीहून बहिणीचा फोन आला.

"अगं, ट्रॉलीचा व्हिडिओ बघितला."

"तुझ्यापर्यंत आला?"

"माझ्यापर्यंत? इथं वाण्याच्या दुकानात लावलाय. आणि साहेबांच्या मागं तू दात काढून हसतेयस."

"मी स्टेजवर नेहमीच हसते."

"हो, पण नेहमी कुणी बघत नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या खोलीत असलेल्या तिच्या नवऱ्याला ओरडून विचारलं, "अहो, मी कुणीकडं वळू आता? स्वयंपाकघराकडं की बाहेर?"

दुसऱ्या दिवशी मी कोरेगावला बाजाराला गेले तर भाजी विकणाऱ्या बाईनं मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता मला न्याहाळलं. "तुमीच का वो त्या? ट्रॉलीवाल्या?" मी नाही म्हणाले. तिनं जुडीतल्या दोन पिवळ्या काड्या काढल्या नाहीत. गल्लीत ज्या बायका मला थांबवून बोलायच्या, त्या आता लांबूनच मान हलवायला लागल्या. बोलले होते साहेब. पण साहेबांना जाऊन विचारणार कोण? मी हाताशी होते.

पुरुषांची मात्र भलतीच पंचाईत झाली. आजवर घरात किती मतं आहेत ते त्यांनी फक्त मोजलं होतं. ती कुठं पडतात हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. आता एकदम सगळ्या ओसऱ्यांवर लोकशाही अवतरली. शेजारचे काका आयुष्यात पहिल्यांदा बायकोसाठी दळण घेऊन चक्कीवर गेलेले मी स्वतः पाहिले. आमच्याकडं नवरा जेवताना म्हणाला, "वांगं झकास झालंय." मला वाटलं, याला ताप आला असेल.

मग थोडा वेळ घास फिरवत तो म्हणाला, "तू मत कुणाला देतेस, हे मी आजवर तुला कधी विचारलं न्हाई."

"नाही विचारलं. कारण तुम्ही सांगत होता."

त्यानं परत वांगं वाढून घेतलं.

पक्षानं खुलासा काढला. साहेबांच्या वाक्याचा विपर्यास करण्यात आला, ट्रॉलीशिवाय ट्रॅक्टरला किंमत नाही असंच त्यांना म्हणायचं होतं, आणि एकंदरीत हा स्त्रीत्वाचा गौरव होता. हा गौरव वाचल्यावर राहिल्यासाहिलेल्या बायकाही चिडल्या. मग साताऱ्यातून कुणीतरी हुशार माणूस पाठवण्यात आला. त्यानं सांगितलं, की साहेबांनी एखाद्या साध्या घरी जाऊन एखाद्या ज्येष्ठ माउलीची माफी मागावी आणि ती सगळ्यांना मोबाईलवर थेट दिसावी. घर म्हणून आमचं ठरलं. कार्यकर्ता घरचाच, व्हिडिओतली बाई घरातलीच, आणि सासूबाई म्हणजे फौजेतल्या सुभेदाराच्या मागं राहिलेली बायको. भिंतीवर सासऱ्यांचा गणवेशातला फोटो, त्याला हार. त्या हुशार माणसानं दोन्ही हातांची चौकट करून फोटोकडं बघितलं आणि म्हणाला, "फ्रेम चांगली आहे." सासूबाईंना काही विचारावं असं कुणालाच वाटलं नाही.

सासूबाई मूळच्या मेढ्याकडच्या. डोंगरातलं माणूस, बोलणं थेट. साहेब आले तेव्हा त्या कॉटवर बसून पावटा सोलत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. साहेब वाकले, पाया पडले, डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न केला. एक कार्यकर्ता मोबाईल धरून समोर गुडघ्यावर बसला होता.

"आई, मी चुकलो. लेकरू समजून पदरात घ्या."

इथवर सगळं बेतल्याप्रमाणं चाललं होतं. सासूबाईंनी "असू दे बाबा" म्हणायचं आणि चहा आणायला मी आत जायचं, एवढंच उरलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "आवं सायेब, चुकला तर चुकला. मला राग न्हाई. मला निसतं येक सांगा. मालक जाऊन लय वर्सं झाली. ट्रॅक्टरच न्हाई ऱ्हायला. मग म्या मत कसं टाकायचं?"

त्या कुचेष्टेनं विचारत होत्या की मनापासून, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहरा अगदी भोळा होता. आता साहेबांनी हसून हात जोडले असते तरी निभावलं असतं. पण गप्प बसणं हा प्रकार त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांनी भिंतीवरच्या सुभेदारांकडं हात केला आणि छाती पुढं काढून म्हणाले, "काळजी करू नका, आई. मालक गेले म्हणून काय झालं? आजपास्नं तुमचा ट्रॅक्टर मीच!"

मोबाईल धरलेल्या पोरानं चित्रण थांबवलं नाही. सातारचा हुशार माणूस डोळे मिटून उभा राहिला. मला हसू आलं आणि यावेळी ते पिनेचं नव्हतं, म्हणून मी आत पळाले. सासूबाई तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या, "आगं बया!" आणि पावट्याच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

नवरा मात्र हसला नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, मग साहेबांकडं, आणि अंगणात जाऊन गाडी पुसायला लागला. पुसलेलीच गाडी.

त्या वाक्याचं पुढं काय झालं ते सांगायला नको. त्याला ढोल-ताशाची साथ मिळाली, लग्नाच्या सनया लागल्या, कुणी तर सासूबाईंच्या कपाळावर मुंडावळ्या चिकटवल्या. सांगलीची बहीण रोज नवा नमुना पाठवायची. त्या सगळ्यात सासूबाई शांत होत्या. "बोलायच्या भरात बोलून गेला बिचारा," एवढंच म्हणाल्या. नवऱ्यासमोर मात्र घरात कुणी हा विषय काढत नव्हतं. तो रोज सकाळी पक्षाचा गमजा गळ्यात घालून प्रचाराला जात होता, घोषणा देत होता, घसा बसवून घरी येत होता.

साहेबांच्या विरोधातल्या उमेदवाराला तर कुबेराचं भांडार सापडलं. त्यांनी लगेच महिला सन्मान परिषद भरवली. मला सूत्रसंचालनाला बोलावलं नाही, ते बरंच झालं. सासूबाई म्हणाल्या, "चल, बघू तरी आपला सन्मान कसा करत्यात." आम्ही गेलो. स्टेजवर बसलेले सगळे पुरुष. पुढच्या खुर्च्यांवर पदाधिकारी, म्हणजे तेही पुरुषच. ज्यांचा सन्मान व्हायचा होता त्या मागं सतरंजीवर. उमेदवार उभे राहिले आणि त्यांनी ट्रॅक्टर, ट्रॉली, माता, भगिनी, जिजाऊ, सावित्री सगळ्यांना एका दमात आवाज दिला. डोळे पुसले. शेवटी मूठ आवळून म्हणाले, "या अपमानाचा बदला घ्यायचा! मी इथल्या प्रत्येक बांधवाला हात जोडून सांगतो, मतदानादिवशी आपापल्या घरातल्या बायकांना सकाळी लवकर बाहेर काढा आणि आपल्याच चिन्हावर मतदान करायला लावा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या खुर्च्यांवर एकालाही यात काही वावगं दिसलं नाही. मागं सतरंजीवर आम्ही एकमेकींकडं बघितलं. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ह्यो ट्रॅक्टर बी त्याच शेडमधला. रंग तेवढा येगळा हाय."

मतदानाला नवऱ्यानंच आम्हाला केंद्रापर्यंत सोडलं. रांगेत सासूबाईंना बघून बायका बाजूला सरून पुढं जायला वाट करून देत होत्या. त्यांनी ती घेतली नाही. माझ्यापुढं उभ्या राहिल्या, आपली पाळी आल्यावर आत गेल्या आणि बोटाला शाई लावून बाहेर आल्या. नवरा दाराबाहेर होता. त्यानं त्यांच्या बोटावरच्या शाईकडं बघितलं. मग स्वतःही आत जाऊन आला.

साहेब पडले. थोडक्यात पडले, पण पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीवर चिंतन बैठक बसली. पराभवाची कारणं शोधायला सगळे कार्यकर्ते जमले होते. एक म्हणाला, उसाचा दर. एक म्हणाला, बंडखोर उभा राहिला तो. तिसऱ्याला वाटत होतं, की आपल्याच माणसांनी आतून दगा दिला, आणि असं म्हणताना तो चौथ्याकडं बघत होता. हवा, जात, यंत्र, वरचे नेते, सगळं निघालं. मी चहा नेला, परत कप आणायला गेले, तरी बायकांचं नाव कुणी काढलं नव्हतं. इतक्या मंडळींनी एकत्र बसून इतक्या निष्ठेनं एक गोष्ट टाळलेली मी पहिल्यांदाच बघत होते. नवरा कोपऱ्यात बसून मान डोलावत होता.

सगळे गेल्यावर तो आत आला आणि सासूबाईंच्या कॉटवर टेकला. सासूबाईंनी स्वतःहूनच सांगितलं, "म्या सायबालाच दिलं हुतं."

आम्ही दोघंही बघत राहिलो.

"आसं काय बघताय? नळाचं पाणी कुणी आणलं गावात? त्याच्या आधी उन्हाळ्यात कुठवर जायला लागायचं, ते तुमास्नी न्हाई ठावं, मला हाय. त्याचं बोलणं वंगाळ, पर पाणी ग्वाड हाय."

नवरा खाली बघत होता. मग तो म्हणाला, "आये, मी न्हाई दिलं."

"कुणाला?"

"साहेबांना." त्यानं भिंतीकडं बघितलं नाही, पण हात तिकडं झाला. "माझ्या बापाच्या फोटोकडं बोट करून बोलला तो. माझ्या घरात उभा राहून. आन मी तिथं उभा हुतो."

बायका काय करतील म्हणून मतदारसंघभर महिनाभर जी घालमेल झाली, दळणं पोचवली गेली, वांग्यांची स्तुती झाली, त्या सगळ्यात या एका मताकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. किती घरांत असं झालं असेल, कोण जाणे. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "आरं, मग गमजा कशाला घालून फिरत हुतास?"

"सवय," तो म्हणाला. आणि लगेच माझ्याकडं वळून, "हे बाहेर बोलू नगंस."

मी बोलले नाही. लिहिणार नाही असं मात्र त्यानं वदवून घेतलं नव्हतं.

पडलेला माणूस आपल्याकडं वाया जात नाही. थोड्याच दिवसांत साहेबांना कुठल्याशा महामंडळावर घेतलं, दिव्याची गाडी नाही तरी गाडी मिळाली. सत्काराला मला सूत्रसंचालनासाठी निरोप आला. घसा बसलाय म्हणून मी कळवलं. नवरा हार घेऊन गेला. सासूबाईही त्याच्याबरोबर गेल्या, जेवण होतं म्हणून.

परत आल्या तेव्हा मी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?"

"बेस. बासुंदी हुती," त्या चपला काढत म्हणाल्या. "आन सायेब समदं कागुद बघून वाचत हुता. शेवटपत्तूर मान वर केली न्हाई बघ."