तीन नंबरच्या जागेवरचं घट्ट कडं

…आणि एवढं करूनही ते कडं जागचं हललं नाही ते नाहीच. काल गोष्ट इथवर येऊन अडली होती. नेमबाजीच्या क्लबात, तीन नंबरच्या जागेवर, आत्या चटईवर पालथी पडलेली. रायफल खांद्याला. डावा हात दुर्बिणीवर, मान लाल, आणि तोंडाने त्या दुर्बिणीच्या कारखानदाराचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार चाललेला. मागे सेक्रेटरी हाताची घडी घालून उभा, आणि त्याच्या मागे त्याचा मेहुणा नवी चटई काखेत मारून, म्हणजे जागा रिकामी झाली की लगेच अंथरायला बरी.

काल जे नव्हते त्यांना आत्याची ओळख करून द्यायला हवी. बाई नळवाली. नवरा नळदुरुस्ती करायचा, तो गेला, तेव्हा त्याची पिशवी हिने खांद्याला अडकवली आणि त्याच्याच सायकलवरून हिंडायला लागली. लोक दार उघडून म्हणायचे, "नळवाले कुठायत?" ही म्हणायची, "समोर उभे आहेत, मोरी दाखवा." पाइपाचे आटे पाडून पाडून तिचे अंगठे पुढे आखडले, पण काम चोख. तिने बसवलेला नळ गळाला असं कुणी सांगावं आणि तिने ऐकून घ्यावं, शक्यच नाही. कारण एकच. सगळे पेच आवळून झाले की ती मागे सरायची, कमरेवर हात ठेवून बघायची, आणि पुन्हा पुढे होऊन शेवटचा एक हिसका द्यायची. "हा माझा," म्हणायची. त्या हिसक्यामुळे नळ गळत नसे हे खरं, पण पुढे दहा वर्षांनी वायसर बदलायचा झाला तर दुसऱ्या कुणाला तो नळ उघडतही नसे. गावातले बाकीचे नळवाले तिच्या नावाने बोटं मोडायचे.

नेमबाजीत ती शिरली तीही अशीच, आडवाटेने. धाकट्या भावाच्या मुलीला रायफल शिकायची हौस आली, तर भाऊ भित्रा. त्याचं चष्म्याचं दुकान, जन्मभर काच पुसलेला माणूस. तो म्हणाला, "ताई, तू जा बाई तिच्याबरोबर, मला आवाज सोसत नाही." पोरगी महिनाभरात कंटाळली. आत्या मात्र राहिली. पोरगी तिला आत्या म्हणायची म्हणून सगळा क्लब आत्या म्हणायला लागला. पाठ मोडेपर्यंत मोऱ्यांखाली सरपटलेल्या बाईला चटईवर पालथं पडून श्वास रोखायला कोण शिकवणार? तिला ते आधीच येत होतं.

आता अडचण काय होती ती बघा. आत्याच्या रायफलीवर लहानमोठं दाखवायची दुर्बीण. मागच्या बाजूला डोळ्याजवळ एक कडं असतं. ते एका टोकाला नेलं की समोरचं तीनपट मोठं दिसतं, दुसऱ्या टोकाला नेलं की नऊपट. क्लबाची वर्षाची जी मोठी स्पर्धा, तिच्यात आधी जवळच्या पत्र्याच्या चकत्या पाडायच्या आणि मग, उठून न बसता, लांबच्या कागदावर नेम धरायचा. जवळच्या चकत्यांना तीनपट हवं, नाहीतर काचेत नुसता पत्रा दिसतो, कुठली चकती ते कळत नाही. लांबच्या कागदाला नऊपट हवं. म्हणजे मध्ये ते कडं फिरवायचं, पालथ्या पालथ्या, आपल्या हाताने. कुणी मदत केली की बाद.

आणि आत्याचं कडं फिरेना.

"आत्या," सेक्रेटरी म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. दुर्बिणीत काही बिघाड नाही. हाताचं वय झालं आता."

"हाताचं वय झालं?" आत्या चटईवरूनच म्हणाली. "मग तुझ्या न्हाणीघराचा नळ परवा काय मी पायाने बसवला?"

मेहुणा हसला. सेक्रेटरीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चटईची सुतळी मोजायला लागला.

"तुम्ही खुर्ची टाकून मागे बसा. नव्यांना शिकवा. मान आहे तुमचा."

"बसायला घरी पलंग आहे माझा. मानही तिथेच ठेवलाय."

"तसं नाही हो, पण नियम म्हणजे नियम. रविवारी सगळ्यांसमोर पडून, कुणाचा हात न लागता कडं फिरवून दाखवा. नाही फिरलं तर तीन नंबर दुसऱ्याला द्यावा लागेल."

"दुसरा कोण ते चटईसकट दिसतोय मला," आत्या म्हणाली.

तीन नंबर म्हणजे काही सोन्याची जागा नव्हती. तिथे भिंतीला पोपडे आले होते, आणि वळचणीतलं पाणी कधीतरी गळायचं, तेही आत्यानेच बंद केलं होतं. पण सकाळचं ऊन त्या जागेवर डोळ्यात येत नसे. आणि मुख्य म्हणजे सगळ्या गावात ही एकच जागा अशी होती, की जिथे आत्या कुणाच्या तरी घाणीत हात घालायला आलेली नसे. ती जागा सोडून खुर्चीत बसायचं म्हणजे काय, हे तिला बरोबर कळत होतं. खुर्चीनंतर चहाची किटली हातात येते, आणि मग एके दिवशी माणूस यायचाच बंद होतो.

ती रात्रभर तळमळली बिळमळली नाही. सकाळी उठून पिशवीतला पट्ट्याचा पाना घेऊन क्लबात गेली.

पट्ट्याचा पाना म्हणजे रबरी पट्टा आणि त्याला दांडा. चकचकीत नळाला ओरखडा पडू नये म्हणून नळवाले तो वापरतात. तिने रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा खिट्टा, काढून बाजूला ठेवला, नळी रिकामी आहे ना ते दोनदा बघितलं, रायफल सफाईच्या टेबलावर वाळूच्या पिशव्यांमध्ये बसवली, कड्याभोवती पट्टा गुंडाळला आणि दिला हिसका. कट् असा आवाज आला. आत्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. गंजलेला आटा सुटताना असाच आवाज येतो, आणि त्या आवाजावर तिने आयुष्य काढलं होतं.

मग तिने दुर्बिणीला डोळा लावला. आतली काळी फुली, जी सरळ उभी असायला हवी, ती दारू प्यायल्यासारखी एका अंगावर कलली होती. कडं होतं तिथेच. फिरली होती ती अख्खी दुर्बीण, तिला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या दोन पकडींच्या आतल्या आत. मागची पकड तेवढी कुरकुरली होती. दुपारी तिने पाच गोळ्या मारल्या. सगळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, कुणीतरी शेंगा खाऊन टरफलं टाकावीत तशा.

मेहुणा शेजारून म्हणाला, "आत्या, कागद वर आहे हं."

"ठाऊक आहे. तुझ्यासाठी कोरा ठेवलाय. तुला तरी कुठेतरी मारता येऊ दे."

पण घरी आल्यावर भावाने ताट पुढे सरकवलं तरी तिचं लक्ष अंगठ्याकडे. भाऊ म्हणाला, "ताई, सोड ना आता. खूप झालं. बाई माणूस, या वयात..."

"पुढे बोल."

"काही नाही."

"नाही, बोल. या वयात काय? या वयात तू काचा पुसतोसच ना? तुझे हात थरथरतात म्हणून मी तुझ्या दुकानाची पाटी उतरवली का?"

भात कालवता कालवता भाऊ म्हणाला, "फुली सरळ करायची असेल तर ती मला करता येईल. चष्म्याची काच फ्रेममध्ये तिरकी बसली की काय करतो मी, तसंच. पण समोर एक अगदी सरळ उभी रेघ पाहिजे."

आत्या उठली आणि पिशवीतून ओळंबा काढून आणला. पाइप सरळ उभा आहे की नाही ते बघायचा, दोरीला टांगलेला शिशाचा गोळा. याहून सरळ उभी रेघ जगात कुणी मारलेली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ जन्मात पहिल्यांदा क्लबात आला, कानात कापसाचे बोळे घालून, कुणी गोळी मारत नसताना. ओळंबा लांबच्या खांबाला टांगला. रायफल वाळूच्या पिशव्यांवर नीट सपाट बसवली. भावाने आपले चष्मे बसवायचे बारीक पेचकस बाजूला ठेवले, कारण पकडीच्या स्क्रूंपुढे ते मान टाकत होते, आणि आत्याची अ‍ॅलन की, ती वाकडी षटकोनी चावी, घेतली. ती लावली. स्क्रू हलेना.

"हे कुणी आवळलेत गं? घोड्याने?"

आत्याने भावाला बाजूला सारलं. तिने ती चावी स्वतःच्या हातात घेतली, वर हातोडीच्या लाकडी मुठीचा टोला दिला. स्क्रू सुटला. मग दुसरा, मग मागच्या पकडीचे दोन्ही. भाऊ दुर्बिणीला डोळा लावून दोरी शोधत होता. आत्याने सहज, काही मनात नसताना, कड्यावर हात ठेवला.

कडं फिरलं.

अगदी लोण्यासारखं नाही, पण फिरलं. तीनवरून चार, चारवरून सहा, जरा अडखळत नऊ.

भावाने डोळा काढला आणि बहिणीकडे बघितलं. मागची पकड कड्याच्या अगदी लगत होती. ती एवढी आवळलेली, की दुर्बिणीची नळीच दाबली गेली होती आणि कडं तिच्यावर रुतून बसलं होतं. गेल्या वर्षी क्लबाच्या कारागिराने दुर्बीण बसवून दिली, तेव्हा तो हात पुसत चहाला गेल्यावर कमरेवर हात ठेवून मागे कोण सरलं होतं, आणि पुन्हा पुढे होऊन "हा माझा" कोण म्हणालं होतं, हे भावाला सांगायला नको होतं.

"बघू नकोस असा," आत्या म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"तुझा चष्मा बोलतोय."

मग मात्र त्या बाईने लाज वाटून घेण्यात वेळ घालवला नाही. फुली दोरीला लावली. स्क्रू भावाने आवळले, कारण त्याच्या हातात जोर नव्हता आणि इथे नेमका तोच गुण उपयोगाचा होता. एकदा या बाजूचा थोडा, एकदा त्या बाजूचा थोडा. आत्याचा हात दोनदा पुढे आला. दोन्ही वेळा भावाने चापटी मारली. "ताई, मोरीचा पाइप नाही हा. यातून पाणी जात नाही."

कडं मोकळं झालं तरी वर्षभर एकाच जागी रुतल्याने आतलं वंगण चिकटलं होतं, आणि आत्याचा अंगठा काही पोरीचा झाला नव्हता. तेल सोडावं म्हणून तिने बाटली उचलली, तर भाऊ किंचाळलाच. तेल आत उतरलं तर काचा कायमच्या धुरकटणार. तेव्हा तिने नुसता तळहात कड्यावर ठेवून ते उबेला आणलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसली. मग पिशवीत हात घालून रबरी नळीवर आवळायची पत्र्याची क्लिप काढली. कड्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर क्लिप, आणि क्लिपच्या स्क्रूची जागा बाहेर आलेली, बोटाने ढकलायला दांडीसारखी. पहिल्यांदा ती अशी बसली की गोळी भरताना बोल्टचा दांडा तिच्यावर आपटायला लागला. आत्याने ती थोडी सरकवली, आणि या खेपेला आवळताना स्वतःचाच हात स्वतः धरला. भावाने ते बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

रविवारी सगळा क्लब जमला. चटई काखेत मारून मेहुणा होताच. सेक्रेटरी वाकून म्हणाला, "हे काय लावलंय? क्लिप? हे चालायचं नाही, आत्या."

"का? तुझ्या मेहुण्याच्या रायफलीवर तीन पट्टे, दोन पाय आणि एक दिवा लटकतोय. त्याच्यावर वाळत घातलेले कपडे तेवढे राहिलेत. माझी एक क्लिप जड झाली होय?"

लोक हसले. सेक्रेटरी म्हणाला, "बरं, पडा."

आत्या पडली. चकत्या एकेक खणखणत पडल्या. मग तिने बोट लावून दांडी ढकलली, करंगळीच्या शेजारचं बोट, अंगठा मुद्दाम वर करून, सगळ्यांना दिसेल असा. कडं तीनवरून नऊवर गेलं. लांबच्या कागदावर एक गोळी जरा भरकटली, बाकीच्या काळ्या गोलात बसल्या.

सेक्रेटरीने खाली बसून स्वतः कडं फिरवून बघितलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. "हे एवढं मोकळं झालं कसं?"

आत्याने भावाकडे डोळे वटारले, पण त्या भाबड्या माणसाच्या कानात अजून कापूस होता आणि त्याला वाटलं आपण हळूच बोलतोय. तो सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं ओरडला, "पकड जास्त आवळली होती हो! ताईनेच!"

हशा असा पिकला की पलीकडच्या शेडमधली माणसं बघायला आली. सेक्रेटरी उठून उभा राहिला, डोळे पुसत. "म्हणजे आत्या, स्क्रू तुम्हीच आवळले, कडं तुम्हीच अडकवलं, आणि वर आठवडाभर भांडलात आमच्याशी?"

आत्याने रायफल रिकामी केली, बोल्ट मागे ओढून ठेवला, चटईवरच्या गोळ्यांच्या रिकाम्या टरफलांवर फुंकर मारली आणि म्हणाली:

"आवळले मी, सोडवले मी, भांडलेही मीच; तुला यातलं एक तरी आलं का? सरक बाजूला, माझ्या तीन नंबरवर तुझी सावली पडतेय."