मागच्या शिडीवरून फायनल

आमच्या घरात आकाशातल्या उपग्रहाशी बोलणी करायचं खातं माझ्याकडे आहे. मी ते मागून घेतलेलं नाही. माझा देह बघून घरच्यांनी एकमतानं दिलं.

आधी गाडीचं सांगतो. मास्तरकीतून (विषय भूगोल!) निवृत्त झालो तेव्हा केदारखेड्यातल्या लोकांना वाटलं, आता सर शेतात लक्ष घालतील. सरांनी एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस आणून दारात उभी केली. बाकं काढली, पलंग बसवला, शेगडी बसवली, आतल्या भिंतीला टीव्ही ठोकला. टपावर कॅरिअर आणि त्यावर चढायला मागच्या बाजूला लोखंडी शिडी. गावानं तिला ‘सरांची घरगाडी’ असं नाव दिलं. माझ्या बायकोनं, मंगलनं, जे नाव दिलं ते इथं लिहिता येत नाही.

पण गाडी काही नुसत्या हौसेची नव्हती (थोडी होती!). खरं कारण माझी आई. आईच्या गुडघ्यांनी कधीचा संप केलाय. एसटीत पाय दुमडून बसणं तिला जमत नाही. आणि माझी मुलगी मंजिरी खो-खो खेळते. साधंसुधं नाही, राज्याच्या फायनलपर्यंत! ज्या आजीला पकडता पकडता ही पोरगी पळायला शिकली, त्या आजीनं तिचा एकही सामना पाहिलेला नव्हता. मैदान आपलं कायम लांब कुठंतरी. तर सोलापूरच्या फायनलला आईला पलंगावर आरामात निजवून न्यायचं आणि थेट मैदानाच्या कडेला नेऊन बसवायचं, असा माझा बेत होता.

आता गाडीत टीव्ही म्हटल्यावर छत्री आलीच. पावसाची नव्हे, टीव्हीची! मी सोबत नेता येईल अशी फिरती छत्री मागवली. पेटीत बसणारी थाळी, तीन पायांचं स्टँड, होकायंत्र, वायरी, सगळं त्यात. पेटीवर एक हसरा माणूस एका हातानं छत्री लावताना दाखवला होता. दुसऱ्या हातात त्यानं चहाचा कप धरला होता.

“आपण सामना बघाया मैदानातच चाललो ना?” मंगल म्हणाली. “मंग छत्री कशाला?”

“रस्त्यात बातम्या बघायला.”

“त्यापेक्षा रस्त्यात जरा उतरून चाला. डॉक्टर काय म्हणले? वजन कमी करा म्हणले!”

आमच्या घरात कुठलाही विषय काढा, तो फिरून फिरून माझ्या वजनावर येतो. पण मी आता सवयीनं ऐकू न आल्यासारखं करतो.

मंजिरी संघाबरोबर आधीच पोचली होती. फायनलच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. गाडी चालवायला मंगलचा भाऊ बाळू. (बाळू म्हणजे वाळलेली शेवग्याची शेंग. त्याला शर्ट घातल्यावर शर्ट रिकामाच वाटतो.) जालना गेलं, अंबड गेलं, वडीगोद्रीला हायवेला लागलो आणि गाडीनं गिअर घेणंच सोडून दिलं. रशीदभाईंच्या चहाच्या हॉटेलसमोर ती एकदा खाकरली आणि बसली. मिस्त्री आला, गाडीखाली गेला आणि मयताला आल्यासारखं तोंड करून बाहेर आला.

“सर, क्लच प्लेट गेली. अंबडहून आणावी लागंल. संध्याकाळ व्हईल.”

सामना चार वाजता होता.

मग आईच म्हणाली, “राहू दे रे वसंता. पुढच्या टायमाला जाऊ.” आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. सकाळी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. पुढच्या टायमाला, असं ह्या वयात म्हणायचं म्हणजे काय, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. काहीही होवो, आज आईला मंजिरी दाखवायचीच!

चार वाजत आले तसा मोबाइल काढला. त्यावर सामना लागेना, नुसतं एक चाक गोल गोल फिरत राह्यलं. रशीदभाईंच्या हॉटेलात टीव्ही होता, तिकडे पळालो.

“टीव्ही है, सर, बिलकुल है,” रशीदभाई म्हणाले. “लाइट न्हाई. सकाळीच डीपी जळाली.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा टीव्ही तर गाडीच्या बॅटरीवर चालतो! मी छाती पुढे काढून (म्हणजे पोटच, पण असो) जाहीर केलं, “बाळू, छत्री काढ!”

बाळूनं पेटी उघडली. थाळी निघाली, वायर निघाली, होकायंत्र निघालं. स्टँड निघेना.

“ते तीन पायाचं का?” मंगल शांतपणे म्हणाली. “ते गच्चीवर हाय. कुरडया वाळू घातल्या न्हाई का? त्याच्यावर साडी ताणायला लावलंय. कावळे लई झालेत.”

“अगं, ते उपग्रहाचं स्टँड आहे!”

“मला काय माहीत? चांगलं दणकट दिसलं.”

झालं! तिकडे आमच्या कुरडयांवर उपग्रहाची कृपा आणि इकडे आम्ही उघडे. शेवटी मी शिडीनं टपावर गेलो आणि थाळी सुतळीनं अन् माझ्या टॉवेलनं कॅरिअरला करकचून बांधली. होकायंत्र टपावर ठेवलं. जन्मभर दिशा शिकवल्या, त्यामुळे त्या बाबतीत मला कुणाची गरज नव्हती. सुई डुलली, थांबली. “ही उत्तर!” मी वरून जाहीर केलं. मी त्या हिशेबानं थाळी आग्नेयेला फिरवली. खाली खिडकीत मंगल, आत टीव्हीपाशी बाळू.

“आलं का?”

“न्हाई!”

“आता?”

“न्हाई, दाजी!”

“आता तरी?”

“काळं हाय समदं!”

असं बराच वेळ चाललं. टप तापून तव्यासारखा झालेला आणि त्यावर मी. शेवटी आतून आईचा आवाज आला, “वसंता, दिवस तिकडं कलला अन् तू तिकडंच उत्तर म्हणून राह्यला का रे?”

मी खाली पाहिलं. होकायंत्र लोखंडी टपावर ठेवलेलं! ‘होकायंत्र लोखंडाजवळ का ठेवू नये?’ हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत एका मार्काला घालत असे. पोरांनी चुकवला की ओरडतही असे. मी होकायंत्र गुपचूप खिशात घातलं आणि सूर्याकडे बघून थाळी पार फिरवली.

“आलं!” खालून एकच आरोळी. “दाजी, आलं! मैदान दिसून राह्यलं! पोरी पळून राह्यल्या!”

मी आनंदानं शिडी उतरलो. जमिनीवर पाय टेकला.

“गेलं!”

परत वर चढलो. “आलं!” उतरलो. “गेलं!” असं पुन्हा एकदा झाल्यावर मंगलच्या ध्यानात आलं. “अहो, तुम्ही उतरले की गाडी मागून वर उचलती! तुम्ही असले की बराबर येतं!”

गाडीचे पाटे (चाकांवरचे स्प्रिंग) जुने. मी टपावर किंवा मागच्या शिडीवर असलो की गाडी मागं बसायची आणि छत्री नेमकी उपग्रहाकडे बघायची. मी उतरलो की ती भलतीकडेच.

“मग बाळूला वर पाठवा,” मी म्हणालो. “तो नव्यानं लावेल.”

“काही लावू नका!” आई कडाडली. “आलंय ते धरून ठेवा. मंजी आत्ता येईल. वसंता, तू शिडी सोडायची न्हाई!”

बाळूला माझ्या जागी लटकवून पाहिलं. गाडीला त्याची दखलच नाही. मग शिडीला रशीदभाईंचं साखरेचं पोतं बांधलं. पोतं अधिक बाळू असंही करून पाहिलं. चित्राच्या चौकटी चौकटी झाल्या आणि खेळाडूंचे पाय डोक्याच्या वर गेले. शेवटी मंगल म्हणाली, “तुम्हीच जा. तुमच्या जागी दुसरं कुणी चालत न्हाई बघा.” लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं गोड वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तेही शिडीला लटकण्यासाठी!

तर मी शिडीवर. तोंड गाडीच्या पत्र्याकडे, म्हणजे टीव्ही माझ्या नाकासमोर, मध्ये पत्रा. मागं खिडकी नाही. (मीच बुजवली होती, धूळ येते म्हणून!) स्कोअर विचारावा तर कुणी सांगेना, सगळे बघण्यात दंग.

आणि मग लोक यायला लागले. लाइट नसलेल्या गावात एकच टीव्ही चालू आणि त्यावर चक्क जालन्याची पोरगी! दारात गर्दी झाली. आता आमच्या आईचा स्वभाव असा, की दारात आलेला माणूस उभा राहिला तर तिला जेवण जात नाही.

“आत या की! बाहेर काय उभे? बसा, चहा घ्या!”

दोघं पुढच्या दारातून आत शिरले आणि गाडी पुढं कलली. “गेलं!” बाळू किंचाळला.

“आई, कुणाला आत घेऊ नको!” मी पत्र्यावर बुक्क्या मारल्या.

“दारातून माणूस परत धाडू का? हे असं शिकवलं का तुला?”

मग बाळूनं तोड काढली. आत एक माणूस वाढला की मी शिडीवर मागं झुकायचं, दोन वाढले की आणखी झुकायचं. “दाजी, मागं! जरा पुढं! बस, बस! आता श्वास सोडू नका!” तेवढ्यात रशीदभाईंच्या अम्मी काठी टेकत आल्या. “हमारे जिले की बच्ची खेल रही, हम न्हाई देखना क्या?” आईनं त्यांना हाताला धरून थेट पलंगावर आपल्या शेजारी घेतलं. मी एका हातानं शिडीचा दांडा धरून मागं इतका झुकलो की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी गाडी हळू करून माझ्याकडे बघावं. एकानं तर विचारलं, “क्या मास्टरजी, किधर जाना है?” मंगल चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून परत घेऊन गेली. म्हणे, “आता काही पोटात घालू नका, चित्र हलंल.”

आत आरडाओरडा वाढत गेला. शेवटचे क्षण आले होते, एवढं मला बाळूच्या आवाजावरून कळलं. समोरची एकच पोरगी बाद व्हायची राहिलेली आणि तिच्या मागं आमची मंजिरी. “पळ गं, मंजे, पळ!” हा आईचा आवाज. “खांबाकडं गेली! खांबाकडं! सूर मारला...!”

आणि सगळी गाडी एकदम उभी राहिली. म्हणजे गाडीतली माणसं! अख्खी बस गदागदा हलली.

“गेलं,” बाळू बारीक आवाजात म्हणाला.

“बाद झाली का न्हाई रे ती?” आई विचारत होती. “अरे, सांगा की कुणी! माझ्या मंजीनं धरली का तिला?”

तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. “सगळे खाली बसा!” मी गरजलो. (पूर्ण नोकरीत वर्ग माझ्या आवाजानं इतक्या जल्दी बसला नव्हता!) सुटा हात मागं फेकला, एक पाय सोडला, आणि उरलेल्या हातापायांवर सगळा देह मागं टाकून दिला. शिडी करकरली. माझी लुंगी असती तर गेली असती. सुदैवानं पँट होती.

“अजून जरा, दाजी! अजून! आलं!”

“मंजी!” आई ओरडली. “ती बघा माझी मंजी! पोरींनी उचलून घेतली, बघा! जिंकली माझी बाय!” आणि मग आई रडायला लागली, अम्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत “रोते न्हाई, रोते न्हाई” म्हणत स्वतःच रडायला लागल्या. मी पत्र्याकडे बघत लटकलो होतो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात हलवला असता तर चित्र गेलं असतं.

त्याच क्षणी शिडीचा बोल्ट तुटला. मी हॉटेलच्या बाजेवर पडलो. बाज गेली, मी राहिलो. रशीदभाई म्हणाले, “जाने दो सर, जिंकलो ना आपण!”

क्लच प्लेट अजून बसायची होती, तेवढ्यात मंजिरीचा फोन आला. “पप्पा, पाहिलं का? मी शेवटचा सूर मारला तो पाहिला का?”

“अगं, पाहिलं म्हणजे...” मी म्हणेपर्यंत आईनं फोन हिसकावला. “म्या पाहिलं! समदं पाहिलं! आडवी पडलीस ते लागलं का गं कुठं?” त्यानंतर आईनं पलंगावर बसल्या बसल्या, गुडघ्यांवर हात मारत, मला सगळा सामना करून दाखवला. माझा सामना तोच, आणि खरं सांगतो, फार चांगला झाला.

आता मंजिरीची पुढची स्पर्धा नांदेडला आहे. गाडी दुरुस्त झालीय, शिडी नवी बसवलीय, स्टँड गच्चीवरून उतरवलंय. ह्या वेळी आम्ही आदल्या दिवशीच निघणार आणि आई मैदानाच्या कडेलाच बसणार, ह्यात आता कुणाला शंका नाही. तरी मंगलनं परवा माझ्या ताटात नुसती काकडी आणि अर्धी भाकरी वाढली, तेव्हा आईनं ते ताट सरकवलं आणि अख्ख्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

“नांदेड होईस्तोवर ह्याला बारीक करायचं न्हाई,” ती मंगलला म्हणाली. “गाडीचा काय भरवसा? छत्री ह्याच्या मापानं लावलीय.”

मंगल माझ्याकडे बघत राहिली. मी निमूटपणे आणखी एक भाकरी मागून घेतली. पोटच्या पोरीसाठी माणसानं एवढा त्याग करायला नको का!