ऐकण्याची फी

काकांच्या श्राद्धाचं जेवण मी आजवर जेवले नाही आणि जेवणारही नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांना त्यांचं चांगलं काही आठवत असेल त्यांनी ते बोलावं, मी अडवायला जात नाही.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या इतवारीत काकांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. खरं म्हणजे ते माझ्या बाबांचंही होतं, पण आम्ही लहान असतानाच बाबा गेले आणि गल्ल्याची किल्ली काकांच्या कमरेला लागली. आई, ताई आणि मी, तिघी त्यांच्या ओंजळीनं पाणी प्यायचो. वही हवी, मागा. चप्पल तुटली, मागा. ताईचं लग्न उमरेडला त्यांनीच लावून दिलं आणि किती थाटात लावलं हे आम्हाला दर दिवाळीला ऐकवलं.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी ताई माहेरी आली ती गप्प होऊनच. तिची तान्ही मुलगी तापात गेली होती. ताई रडत नव्हती, भांडत नव्हती. ताट पुढे सरकवलं तर दोन घास खायची, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सासरहून निरोप आला, बरी झाली की पाठवा. जसं काही घड्याळच दुरुस्तीला टाकलं होतं मेल्यांनी!

अंगारे झाले, धुपारे झाले, त्यांचे पैसे काकांनी मुकाट्यानं दिले. सरकारी दवाखान्याचं मात्र नाव काढू दिलं नाही. तिथे कोणी पाहिलं तर सारी इतवारी म्हणेल, ह्यांची पोरगी पागलखान्यात जाते. मग शेजारच्या नर्सबाईंनी धंतोलीतले एक डॉक्टर सुचवले. मनाचे डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले. गुपचूप जा, गुपचूप या. ते म्हणाले, गोळ्या थोड्याच देईन, पण दर आठवड्याला एक सिटिंग लागेल. सिटिंग म्हणजे तासभर बसून बोलायचं.

घरी आल्यावर काकांनी चौकशी केली. "डॉक्टर बोलते का पोरगी बोलते?"

"पोरगी बोलते, डॉक्टर ऐकते," आई म्हणाली.

"म्हणजे आपणच बोलायचं अन् आपणच पैसे द्यायचे? मंग माल कोणता भेटते, वहिनी?"

फीचा आकडा ऐकून तर ते पाटावरून उठलेच. महाग होतंच ते, मी नाही कुठे म्हणते? एका सिटिंगमध्ये आमचं आठवड्याचं दूध आणि भाजी निघाली असती. पण त्याच महिन्यात स्वतःच्या मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ह्याच माणसानं अख्ख्या गल्लीला बुंदी वाढली होती. तेव्हा माल कोणता मिळाला, हे नाही विचारलं कोणी.

शेवटी तोडगा निघाला तो असा. दुकानातली काळवंडलेली भांडी चिंच लावून घासायला एक बाई यायची. काकांनी तिला काढून टाकलं आणि ते काम आईला दिलं. तिच्या मजुरीतून अर्धी फी, उरलेली अर्धी काकांची मेहेरबानी. आईचे हात चिंचेनं चिरायला लागले, नखं काळी पडली. वरून काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "काय करता, पोरीसाठी कराव लागते." शी!

पहिले काही आठवडे ताई तिथेही गप्पच बसून आली. काकांनी कपाळावर हात मारला. "आता चूप बसाचेबी पैसे!" आणि एक दिवस परतताना रिक्षात ती एकदम म्हणाली, "भूक लागली वं." मी रिक्षा थांबवून आलूबोंडे घेतले. तिनं दोन खाल्ले, तिसऱ्यातला अर्धा मला दिला. मला इतकं रडू आलं की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला.

त्यानंतर ती घरातही बोलायला लागली, थोडं थोडं. खोलीत काय बोलते ते मात्र सांगायची नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "त्या खोलीतलं खोलीतच राहते. डॉक्टरनं शब्द देला आहे." हे सांगताना तिचा चेहरा किती मोकळा झाला होता! मी पुन्हा विचारलं नाही.

पण काकांची दुकानातली एक रीत होती. भांडं वाजवल्याशिवाय घ्यायचं नाही. नवा माल आला की प्रत्येक तांब्या कानाशी धरायचा आणि बोटानं टिचकी मारायची, चीर असली तर आवाज बद्द येतो. "वाजवल्याबिगर मी पैसा सोडत नाही," असं मोठ्या ऐटीत म्हणायचे. एका आठवड्यात त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि आमच्याबरोबर धंतोलीला आले. आम्हा दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून आधी स्वतः आत गेले. मधे नुसता पडदा होता.

"डॉक्टरसाहेब, एवढे पैसे देले. पोरीनं सांगतलं काय?"

मला वाटलं, आता डॉक्टर ह्यांना बाहेर काढणार. डॉक्टरांनी चहा मागवला आणि सगळं सांगितलं. तापलेल्या मुलीला नागपूरच्या दवाखान्यात न्या म्हणून ताई सगळ्यांच्या पाया पडली होती. पोरीच्या जातीसाठी एस.टी.चं भाडं कशाला, असं सासू म्हणाली आणि नवऱ्यानं ते ऐकून घेतलं. आता तिला त्या घरात पाय ठेवायचा नाही. आईलासुद्धा न सांगितलेली ही गोष्ट ताईनं डॉक्टरांच्या तोंडून, शुद्ध मराठीत ऐकली. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

काका खुशीत बाहेर आले. "येड-बिड काही नाही! सासरी जायचं नाही म्हणून नाटकं आहेत सारे." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! कंपाउंडरनं त्या चहापाण्याचीही एका सिटिंगची फी मागितली. दर वेळी आठ आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या काकांनी ती हसतमुखानं मोजली. ह्या वेळी माल मिळाला होता ना.

दुसऱ्या दिवशी आई हात धुवून तशीच धंतोलीला गेली, मला घेऊन. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही ऐकायचे पैसे घेतले होते. सांगायचे कोणी देले?"

"बाई, फी भरणाऱ्याला थोडी कल्पना द्यावीच लागते."

"अर्धी मी भरतो. मले काहून नाही विचारलं?"

विलायतेत शिकलेल्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. मला अजून शिसारी येते.

आई काकांच्या पाया पडली. दुकानातली सगळी भांडी घासते म्हणाली, आयुष्यभर घासते म्हणाली. काकांनी उमरेडला निरोप धाडला की पोरगी बरी झाली, आणतो. ताईनं एका शब्दानं विरोध केला नाही. स्टँडवर ती मुकाट्यानं गाडीत चढली, खिडकीशी बसली आणि मला जवळ बोलावलं.

"तुह्या मनात कधी काही आलं ना, तर कोणाजवळ बोलू नको वं. पैसे देऊन तर बिलकूलच नको."

गाडी सुटायला वेळ होता. काका खाली उभे राहून ओळखीच्या एका व्यापाऱ्याला सांगत होते, "खर्च लय आला, पण पोरगी बोलती झाली." मी त्यांच्या पायाशी थुंकले आणि आईचा हात धरून चालायला लागले.