मास्तरांचं ‘उद्या या’

शिंपीकामात मास्तरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण गिऱ्हाईक दारात ठाण मांडून बसल्याशिवाय ते कात्रीला हात लावत नसत. तोवर एकच उत्तर: "उद्या या."

हिरड्यांच्या आजाराने वरचे पुढचे चार दात एकेक करून गेले आणि मास्तरांची पंचाईत झाली. टाचण्या दातांत धरायची तीस वर्षांची सवय. काढघालीची कवळी लावली, तर ती वाकलं की खाली. एकदा गिऱ्हाइकाच्या विजारीच्या दुमडीत सापडली.

त्याच दिवशी त्यांनी दातांची डॉक्टर गाठली. "स्क्रूवाले पक्के दात बसवा. याच आठवड्यात."

डॉक्टरने एक्स-रे दाखवला. "हाड झिजलंय, मास्तर. स्क्रूपुरतं जेमतेम उरलंय. हिरड्यांची सूज थांबली नाही तर तेही जाईल, मग मला काहीच बसवता येणार नाही. तीन महिने रोज या छोट्या ब्रशने फटी साफ करा. महिन्याने दाखवायला या."

"खरंय," मास्तर म्हणाले. "विरलेल्या कापडावर बटण लावलं तर कापडासकट हातात येतं."

पटलं खरं, पण ब्रश हातात आला तो तपासणीच्या आदल्या दिवशी. मग मात्र तासभर घासलं. डॉक्टरने बारीक सळई टेकवताच रक्त आलं.

"कालच सुरुवात केलीत ना?"

मास्तर छताकडे बघू लागले.

"माझा पांढरा कोट दोन महिने तुमच्याकडे शिवायला पडलाय. तुमची रीत मला ठाऊक आहे. आजपासून पुन्हा तीन महिने मोजा."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. सकाळच्या प्रार्थनेआधी ती कोणालाच चहा देत नसे. "उद्यापासून आधी ब्रश, मग प्रार्थना, मग चहा," ती म्हणाली. "देवाला ‘उद्या या’ चालत नाही."

चहाशिवाय मास्तरांना सुईत दोरा ओवता येत नसे. कुरकुरत का होईना, ब्रश रोज फिरू लागला. मधे दोनदा डॉक्टरने हिरड्या खोलवर साफ केल्या.

तीन महिन्यांनी सळई सगळीकडे फिरली. कापूस पांढराच राहिला.

"हाड होतं तेवढं टिकलंय," डॉक्टर म्हणाली. "दोन स्क्रू, त्यांवर चार दात. सोमवारी सुरुवात करू. पण नव्या दातांत टाचण्या धरायच्या नाहीत."

मास्तरांनी मनगट पुढे केलं. त्यावर बायकोने शिवलेली टाचण्यांची इवलीशी गादी होती. मग पिशवीतून इस्त्री केलेला पांढरा कोट काढला.

"घालून बघा," ते म्हणाले. "सोमवारी हाच घाला."