आयुधपूजेचं तेल

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मराठी आम्ही घरी बोलतो, पण तिची अक्षरं मी मोठेपणी शिकलो. तेव्हा लिहायला बसलो हेच धाडस आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

तंजावरात आमचा पितळी भांडी घडवायचा धंदा. अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, हात भांड्यावर पडे तसाच अण्णावर, माझ्या थोरल्या भावावर, पडे. अण्णाने घड्याळाची स्प्रिंग घालून किल्लीचं छोटं आगगाडीचं इंजिन केलं, ते अप्पांनी भिंतीवर आपटलं आणि भट्टीचा चिमटा अण्णाच्या कानावर हाणला. कानाची पाळी फाटली ती तशीच राहिली. अण्णाने रक्त पुसलं आणि दुसरं इंजिन करायला घेतलं.

नवरात्रात आमच्याकडे कोलु मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या. त्यांच्यापुढे अण्णाने रूळ टाकले, मध्ये एक चढ ठेवला. रेल्वेतले एक फोरमन आमचे गिऱ्हाईक. दसऱ्याला कोलु बघायला येईन, इंजिन डबे घेऊन चढलं तर तुला कारखान्यात घेईन, असं ते म्हणाले होते. अण्णाला या घरातून सुटायची दुसरी वाट नव्हती.

पण चढावर चाकं जागच्या जागी फिरायची. अण्णाने इंजिनाच्या पोटात शिसं ओतून वजन वाढवलं, गुळगुळीत चाकं कानशीने खरखरीत केली. मग ते चढलं. अप्पा दारातून बघत होते. मग भट्टीकडे वळले.

नंतर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा आली. त्या दिवशी हत्यारं पुसून, तेल लावून, गंध-कुंकू वाहून ठेवायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. इंजिनावरही कुंकू दिसलं. अम्माने लावलं असेल, असं आम्हाला वाटलं.

दसऱ्याला फोरमन आले. अण्णाने किल्ली दिली. चाकं घरघरत राहिली, इंजिन हललं नाही. पुन्हा दिली, पुन्हा तेच.

“मिस्त्री, तुमची गाडी स्टेशनातच बरी,” फोरमन अण्णाला हसून म्हणाले आणि प्रसादाच्या सुंडलचे, खोबरं घातलेले, चणे खात निघून गेले.

अण्णाने चाकावर बोट फिरवून हुंगलं. तिळाचं तेल.

“तुम्ही लावलंत?”

“मीच लावलं.”

अप्पांना पुढे बोलायला मिळालंच नाही. अण्णाने पूजेतला हातोडा उचलून त्यांच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. अप्पांनी दुसऱ्या हाताने समई त्याच्या तोंडावर फेकली. मी अण्णाच्या कमरेला मिठी मारली, तर त्याने मला कोलुवर भिरकावलं. बाहुल्या माझ्या पाठीखाली फुटल्या. रक्ताळलेल्या तोंडाने तो अनवाणीच बाहेर पडला, तो परत आला नाही.

वैद्य हाताला बांबूच्या पट्ट्या बांधत असताना अप्पा भिंतीकडे बघून म्हणाले, “आयुधच ना ते? तेल लावल्याशिवाय पूजेला कसं ठेवू?”

त्या इंजिनाला ते आयुध म्हणाले. मी चाकं आणि रूळ चिंच-राखेने घासले, कोरडे केले. इंजिन डबे ओढत चढ चढून गेलं. बघायला अण्णा नव्हता.

अप्पांचा हात वाकडाच राहिला. भांडं आता त्यांच्याने घडत नाही.

कुंभकोणमला कॉलेजात जाता-येता पापनाशमला गाडी थांबली, की मी इंजिनावरच्या माणसांना फाटक्या कानाच्या माणसाबद्दल विचारी. एकाने ओळखलं: दूरच्या एका शेडमध्ये कोळसा ओढतो म्हणाला. त्याच्याबरोबर मी तेलाची हकीकत कळवली, अप्पांनी इंजिन आयुध म्हणून पुजलं होतं ती. पुढच्या सुट्टीला तोच माणूस भेटला.

“सांगितलं मी,” तो म्हणाला. “फावडं टाकून खाली बसला. मग विचारलं, अप्पांचा हात सरळ झाला का.”