पाण्याला नाही म्हणालेली पाहुणी

मी पिंप्राळ्याला राहते, जळगावातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तीन-चार वर्षांपूर्वी चोपड्याहून एका संस्थेचा फोन आला. युरोपातल्या एका छोट्या देशाच्या खासदार बाई सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा बघायला येणार होत्या. दुभाषी हवी होती. त्यांच्या देशाच्या मदतीतून तिथं सौरपंप बसला होता आणि खालच्या झऱ्याचं पाणी चढावरच्या घरांपर्यंत पोचत होतं.

बाई साठीच्या. केस बारीक कापलेले, बूट धुळीनं माखलेले. टाकी बघून आम्ही मोहाच्या झाडाखाली बसलो. पाड्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या अक्का समोर येऊन बसल्या. त्यांची घरची बोली वेगळी, पण माझ्याशी त्या अहिराणीत बोलत.

"हिले कोनी धाडं?" त्यांनी विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, "कोणीच नाही. आमच्याकडे अशी मदत द्यायची तर मंत्र्याला आधी संसदेच्या समितीसमोर बसावं लागतं. समिती हो म्हणाली तरच पुढचं. या मदतीला मी विरोध केला होता. ती पुढे चालू ठेवायची का, यावर आता पुन्हा मत द्यायचंय, म्हणून स्वतः बघायला आले."

हे कसं सांगावं, मला सुचेना. पण दुभाष्यानं गाळू नये. मी सगळं सांगितलं.

"हाई बाईनी पानीले नाही सांगं?"

"हो, अक्का."

"आनि तरी उनी?" तरीही आली, याचं अक्कांना नवल वाटलं.

अक्का उठल्या, घरातून तांब्या आणला आणि बाईंच्या हातात दिला. बाई सगळं पाणी प्यायल्या. मग अक्कांनी मला विचारलं, "आपली दिल्लीमा असंच शे का?"

मी म्हटलं, "आपल्याकडे दुसऱ्या देशाशी करार सरकार करतं. संसदेत प्रश्न विचारतात, चर्चा होते, पण मंजुरी लागतेच असं नाही. देशाची जमीन द्यायची झाली, तर मात्र घटना बदलावी लागते. ते संसदेशिवाय होत नाही."

"जमीन देनी म्हंजे बठ्ठास्ले इचारनंच पडी," अक्का म्हणाल्या. "बराबर शे."

जमीन द्यायची तर सगळ्यांना विचारावंच लागेल, हे मी बाईंना इंग्रजीत सांगितलं. परराष्ट्र धोरण म्हणजे झेंडे आणि लांबलचक टेबलं, असंच मी समजत आले होते. हजारो कोसांवरच्या एका खोलीत काही हात वर झाले, म्हणून या चढावर पाणी आलं होतं. आणि हात वर न करणारी बाई तेच पाणी पिऊन माझ्या शेजारी बसली होती.

पुढच्या महिन्यात त्यांनी समितीच्या बैठकीचा व्हिडिओ पाठवला. भाषा मला येत नव्हती. खाली इंग्रजी ओळी होत्या. बाईंनी या वेळी हात वर केला, पण एक अट घातली: मंत्र्यांचा अहवाल पुरे नाही, पाण्याचं कसं चाललंय ते पाड्यातल्या बायकांनी दरवर्षी स्वतःच्या शब्दांत समितीला कळवावं. अट मान्य झाली. स्टाफरूममध्ये मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी तिथं जाते. बायका सांगतात, मी लिहून घेते. पहिल्या वर्षी सगळ्या चांगलंच सांगत होत्या. अक्कांनी त्यांना थांबवलं.

"पंप आठ दिन बंद व्हता. ते बी लिख."

मी लिहिलं. खाली अक्कांनी अंगठा उमटवला, आणि तो कागद एका परक्या संसदेच्या दप्तराकडे रवाना झाला.