परब नावाची उडी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सरांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमच्या जिल्ह्यात जिम्नॅस्टिक्सच्या मुली बीमच्या अरुंद, उंच पट्टीवरून उतरताना एक उडी घेतात. पुढे कोलांटी, हवेतच अर्धा वळसा, आणि गादीवर पाय टेकतात तेव्हा तोंड परत बीमकडे. तिला ‘परब’ म्हणतात. परब हे माझं माहेरचं आडनाव. बाहेरच्या जगात ती आधीही कुणी घेतली असेल. आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती.

आडनाव उडीला कसं लागतं? मालवणात आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी एकदा समजावलं होतं — शोधली कुणी हे कुणी विचारत नाही. स्पर्धेत, पंचांसमोर, जी पहिल्यांदा घेते तिचं नाव. मोठ्या स्पर्धांत असंच चालतं, आपणही तसंच करू. मी ते नीट लक्षात ठेवलं. फारच नीट.

शेवंती तांडेल माझ्याबरोबर शिकायची. तिच्या वडिलांची होडी होती. होडी किनाऱ्याला लागली की ती हातात दोर घेऊन पुढून उडी मारायची आणि हवेतच वळायची, म्हणजे पाय वाळूत टेकताच दोर ओढता यावा. त्यावरूनच तिला हे सुचलं. किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, तिनं ते कोलांटीला जोडलं. मग मलाही शिकवलं — माझी कंबर धरून, मी पडले की हसत.

“सरांका आताच सांगू नको गो,” ती म्हणाली. “स्पर्धेतच दाखवतंय.”

म्हणजे ठाऊक होतं फक्त मला.

स्पर्धा सावंतवाडीला होती. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. माझं नाव तिच्या आधी आलं. तो क्षणाचा मोह होता, असं म्हणता आलं असतं — पण नव्हता. चिठ्ठी उघडली तेव्हाच मी ठरवलं. नंतर बराच वेळ तिच्या शेजारी बसून होते. तिनं माझ्या केसांची पिनही नीट लावून दिली.

मी ती उडी घेतली. पाय थोडे सरकले, पण उभी राहिले. पंचबाईंनी बोलावून विचारलं, हे कुणी बसवून दिलं?

“मीच बसवलं,” मी म्हणाले. “होडीवरून उतरताना सुचलं.”

माझे वडील तलाठी होते. आमच्याकडे होडी कुठली?

सर इतके खूश झाले की तिथेच म्हणाले, आजपासून या उडीचं नाव परब. मग शेवंतीची पाळी आली. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, किंवा दुसरी उडी घेईल. तिनं तीच घेतली. पाय तसूभरही हलले नाहीत. माइकवरचे गृहस्थ म्हणाले, तांडेलनेही परब छान घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परतताना एसटीत ती माझ्याच शेजारी बसली. म्हणाली, “उतरताना तुजे पाय वायच सैल रवले.” एवढंच. सरांना तिनं कधीच काही सांगितलं नाही. का? मी विचारलं नाही. विचारायला आधी कबूल करावं लागलं असतं.

पुढे एकदा सरावात तिचा तोल गेला. सर म्हणाले, “शेवंती, परबकडून नीट शिकून घे.” ती “होय सर” म्हणाली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी तिला दाखवलं — खरंच दाखवलं. हात कुठे ठेवायचे, मान कधी वळवायची. पावसाळ्यानंतर तिनं येणं सोडलं.

मी क्रीडाशिक्षिका झाले. तिचं लग्न आरोंद्यात झालं. काही वर्षांनी, एका लग्नाच्या निमित्तानं मी तिकडे गेले, तर बाजारात ती भेटली. बरोबर मुलगी होती, शाळेच्या गणवेशात. शेवंतीनं तिला पुढे केलं.

“ही परबबाई. तू मारतंस मा ती उडी, ती हेंच्याच नावाची.”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. शेवंतीही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजाराच्या गलक्यात आम्हा तिघींशिवाय ऐकणारं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मालवणला ये कधी. नीट शिकवीन तुला.”